अंगठ्यावरचं फायबर

माझ्या भावजयीच्या उजव्या अंगठ्याचं नख हे आमच्या घरात भावाच्या होडीच्या खालोखाल महत्त्वाचं होतं. हे मला उशिरा कळलं, म्हणजे ते हिरवं पडल्यावर.

ती सोडे करते. कोळंबी सोलून उन्हात वाळवली की सोडे होतात, एवढं खाणाऱ्यांना माहीत असतं. सोलायची कशी, ते सांगावं लागतं. डोकं मोडायचं, अंगठ्याचं नख पाठीवरच्या कवचाखाली सारायचं आणि एका ओढीत कवच आणि आतला काळा दोरा दोन्ही बाहेर काढायचं. इथे सुरी चालत नाही. सुरीनं मांसाला चीर जाते आणि वाळताना सोडा तिथंच फाटतो. रेवदंड्यात नखानं सोलणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण भावजयीचं नख वेगळं होतं. जरा लांब राखलेलं, पिवळसर, शिंपल्यासारखं जाड. कोणाची सून कोणाशी भांडली याची संपूर्ण हकिगत सांगत, टोपलीकडे एकदाही न बघता ती टोपली संपवायची. पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं दिवाळीतच फोन करून सांगून ठेवतात, “मावशी, आमचे सोडे बाजूला काढा.”

मी त्याच घरात जन्मले, पण शाळेत रमले आणि पुढे तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माझी नखं खडू धरण्यापलीकडे कशाच्या उपयोगी पडली नाहीत. भावाच्या घराला लागून दोन खोल्यांत मी राहते, वाचते, आणि कोणी विचारलं नाही तरी मत देते.

गेल्या हिवाळ्यात, तुळशीचं लग्न उरकल्यावर, भावाच्या मुलीचं लग्न झालं. मुलगा काशीदचा. त्याच्या घरच्यांची पर्यटकांसाठी कॉटेजं आहेत, त्यामुळे सगळं ‘पाहुण्यांना शोभेल असं’ करायचं ठरलं. पाहुण्यांना काय शोभतं हे पाहुण्यांना कोणी विचारलं नाही. हळदीला ड्रोन होता. नवरीची एन्ट्री होडीतून झाली. ज्या होडीतून तिचा बाप रोज मासळी आणतो तीच होडी, पण फुग्यांनी आणि झालरींनी इतकी झाकलेली की बापाला आपल्या होडीचा नंबर शोधावा लागला. ड्रोनवाल्याला पहिला शॉट आवडला नाही म्हणून नवरी दोनदा किनाऱ्याला लागली.

पण मला सांगायचंय ते नखांचं.

हळदीच्या आदल्या दिवशी पनवेलहून एक बाई आली. चाकांची पेटी, घडीचं टेबल, पांढरा प्रखर दिवा. आमच्याकडे लग्नाआधी कासारीण यायची आणि ओटीवर बसून घरातल्या सगळ्या बायकांना चुडा भरायची. तिच्याच जागेवर ही बसली. भाचीचा हट्ट होता की नवरीबरोबर आई, काकू, मावश्या सगळ्यांनी अ‍ॅक्रिलिकची नखं लावून घ्यायची. फोटोत सगळ्यांचे हात सारखे दिसायला हवेत म्हणे.

त्या बाईनं एक बारीक मशीन काढलं. दातांच्या डॉक्टरकडे असतं तसंच, फक्त गुलाबी. त्यानं आधी नखाचा वरचा गुळगुळीतपणा खरवडून घ्यायचा, म्हणजे मसाला नीट धरतो. मग एका वाटीतलं पातळ द्रव्य आणि एका डबीतली पूड ब्रशवर एकत्र करून ते नखावर थापायचं. घरभर असा वास सुटला की मांजर उठून गेलं.

भाऊ दारातून जाताना थबकला. त्याची होडी लाकडाची, वरून फायबर मारलेली. दरवर्षी रेझिनमध्ये हार्डनर घालून तो स्वतः ती डागडुजी करतो, आळीतल्या इतरांच्या होड्याही करून देतो. त्यानं नाक वर करून हुंगलं आणि म्हणाला, “आरे, ह्यो तर आपलाच माल!”

“नाही हो काका, हे इंपोर्टेड असतं,” ती बाई म्हणाली.

“आमचंबी इंपोर्टेडच हाय,” भाऊ म्हणाला. बायका हसल्या.

मी हे सगळं पुस्तक मिटून पाहत होते. मला बोलायला हवं होतं, आणि बोलले मी, पण काय बोलले? “भिंतीला टोचे मारून गिलावा करतात, तसंच चाललंय हे,” असं म्हणाले. हशा पिकला. माझे विनोद आमच्या घरात पंख्याच्या वाऱ्यासारखे घेतले जातात. बरे वाटतात, पण त्यामुळे कोणी उठून काही करत नाही.

“मॅडम, नॅचरल नेलला काहीही होत नाही,” ती बाई मला समजावू लागली. “फक्त मध्ये मध्ये नखांना श्वास घेऊ द्यायचा.”

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. “नख श्वास घेत नसतं,” मी म्हणाले. “नखाला लागेल ते रक्तातून मुळाशी मिळतं. वर दिसतं ते नख मेलेलंच असतं.”

भाची टपूनच होती. “मग झालं तर, आत्या! मेलेल्याला आणखी काय होणार?”

पुन्हा हशा. भावजयीनं माझ्याकडे बघत दोन्ही हात टेबलावर ठेवले. “लाव बाय,” ती म्हणाली. “आमच्या वन्स सांगतात मेलेलीच हायेत.”

याचं उत्तर मला सुचलं ते पंधरा दिवसांनी. घराची कौलंही मेलेलीच असतात. म्हणून ती घासून पातळ करत नाहीत.

लग्न लागलं, मुलगी सासरी गेली. पाचव्या दिवशी मुलगी नवऱ्याला आणि सासरच्या मंडळींना घेऊन माहेरी येते, त्याला आमच्याकडे पाचपरतावन म्हणतात. म्हणजे मधे तीनच दिवस, आणि त्यातल्या दुसऱ्याच दिवशी होडी कोळंबीनं भरून आली. भावजयीला राहवेना. फोटोसाठी केलेली बोटभर लांब नखं घेऊन ती टोपलीपुढे बसली. नखं मोडली नाहीत, हे त्या बाईच्या कामाचं कौतुकच म्हणायला हवं. पण तरफेसारखा जोर बसून उजव्या अंगठ्याचं प्लास्टिक एका कडेनं उचकटलं. खालचं नख थोडं सोलून निघालं आणि फटीत पाणी शिरलं.

ते तिथंच काढून टाकलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण परवा पाचपरतावन होतं.

“नऊ नखं चकचकीत आनी एक अंगठा बोडका? विहीणबाई काय बोलतील?” तिनं भावाला विचारलं. विहीणबाई काही बोलल्या नसत्या. मी त्यांना भेटले आहे, त्या फक्त स्वतःच्या कॉटेजांविषयी बोलतात. पण भाऊ मदतीला धावला. त्यानं डब्यातलं रेझिन थेंबभर घेतलं, हार्डनरचा ठिपका टाकला आणि काडेपेटीच्या काडीनं त्या फटीत भरलं. दहा मिनिटांत दगड झाला. वरून पॉलिशपेपर मारला, त्यावर लाल नेलपेंट. “पनवेलवालीचं परवा निघंल, ह्ये न्हाय निघनार,” असं त्यानं छातीवर हात मारून सांगितलं. तेवढं मात्र खरं ठरलं.

पाचपरतावन थाटात झालं. विहीणबाईंनी भावजयीचा हात हातात घेऊन, “नखं काय सुंदर हो तुमची!” असं म्हटलं. मग कॉटेजांचा विषय निघाला.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला कळलं ते सोड्यांवरून. जानेवारीत एका दुपारी वाळत घातलेल्या जाळीजवळून जाताना पाहिलं, तर सोड्यांना चिरा. एकाला नाही, सगळ्यांना. मी भावजयीला हाक मारली.

“अगो, हे कोणी सोललं?”

“मीच. सुरीनं.” तिनं हात पदराखाली घेतला. “जरा हात दुखतोय.”

“बघू.”

“काय न्हाय त्यात बघन्यासारखं.”

“बघू म्हटलं ना.”

तीस वर्षं वर्गात कमावलेला आवाज अजून कामाला येतो. तिनं हात पुढे केला. नऊ नखांवरचं प्लास्टिक गेलं होतं. भाचीनं तिला अलिबागला पार्लरमध्ये नेऊन, औषधात बोटं भिजवून ते काढवलं होतं. खालची नखं वहीच्या पानासारखी झाली होती. दाबलं की वाकायची. दहावं, उजव्या अंगठ्याचं, तसंच होतं, कारण पार्लरचं औषध त्यावर चालेना. तिथल्या मुलीनं दोनदा भिजवून विचारलं होतं, “आंटी, हे मटेरियल कुठलं आहे?” भावजय म्हणाली होती, “होडीचं.” मुलीला वाटलं होडी हे कंपनीचं नाव.

मग घरी तिनं विळीच्या टोकानं उचकटून पाहिलं होतं. प्लास्टिक थोडं निघालं, पण नखाचा पापुद्रा घेऊन. त्याखाली जे दिसत होतं ते गडद हिरवं होतं, धक्क्याच्या पायरीवर असतं तसं. आजूबाजूची कातडी सुजून लाल, खाजवून खाजवून फुटलेली.

“किती दिवस हे?”

“लगीन झाल्यापासून.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमी हसला असता,” ती म्हणाली.

मी रिक्षा बोलावली.

अलिबागच्या कातडीच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण शांत होत्या. त्यांनी अंगठा भिंगाखाली धरला, हळूहळू कानशीनं घासून वरचं फायबर उतरवलं. अर्धा तास लागला. होडीची हकिगत ऐकून त्या हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. नख मशीननं घासून पातळ झालं, उचकटलं तेव्हा आणखी पातळ झालं, हे त्यांनी सांगितलं. प्लास्टिक आणि नख यांच्या मधे पाणी अडकलं की तिथं जंतू वाढतात आणि हा हिरवा रंग त्यांचाच. शेजारणींनी गजकर्ण ठरवून लावलेली मलमं थांबवायची. कातडी खाजते ती रेझिनमुळे असावी. एकदा शरीराला अशा मालाचं वावडं झालं की ते सहसा सुटत नाही, तेव्हा होडीचं काय, पार्लरचंही पुन्हा लावायचं नाही.

“पण नख येईल ना नीट?” मी विचारलं.

“मुळाला धक्का लागला नसेल तर येईल. लागला असेल तर खरबरीत, वाकडं येऊ शकतं. आत्ता सांगता येणार नाही. अंगठ्याला पाच-सहा महिने लागतात. तोवर नख आखूड ठेवा, औषध घाला, आणि हात पाण्यात घालू नका.”

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे. “डॉक्टरीणबाय, मी कोळीन हाय.”

“मग हातमोजे घाला. आत सुती, वर रबरी.”

परतताना रिक्षा चौलला पोचली. तिथं ती म्हणाली, “वन्स, नख खरबरीत आलं तर सोडा फाटनार.” बाकी कशाची तिला फिकीर नव्हती. दिसण्याची तर नाहीच. ज्या दिसण्यासाठी हे सगळं झालं होतं ते तिनं चौलच्या अलीकडेच सोडून दिलं होतं.

उतरले ती थेट किनाऱ्यावर गेले. भाऊ एका शेजाऱ्याची होडी उलटी घालून तिच्या तळाशी बसला होता. फळीला भोक पडलं होतं. रेझिनचा डबा बंदच होता.

“कधी मारणार फायबर?” मी विचारलं.

“आजून आठ-दहा दिस ऊन खाऊ दे, ताय. लाकूड ओलं हाय. आत ओल ठेवून वरनं मारलं तर आतल्या आत कुजतं. तो बोलतो घाई हाय, पन मी न्हाय...”

तो मधेच थांबला. मी काही बोलण्याआधीच थांबला, याचं मला बरं वाटलं आणि रागही आला. कारण मी वाक्य तयार ठेवलं होतं. ते मी तरीही म्हटलं. “शेजाऱ्याच्या होडीला आठ-दहा दिवस, आणि बायकोच्या अंगठ्याला दहा मिनिटं?”

तो फळीवरून हात फिरवत राहिला. “मना वाटलं, नखच तर हाय,” तो म्हणाला.

तसं सगळ्यांनाच वाटलं होतं. त्यात मी धरून. मी तर शास्त्राच्या आधारानं तसं म्हटलं होतं.

आता प्रश्न कोळंबीचा. ती काही कोणाच्या नखासाठी थांबत नाही. भावजयीनं हातमोजे घालून पाहिले, पण दुहेरी हातमोज्यात बोटाला कवच लागत नाही, नुसता अंदाज लागतो. डावा अंगठा वापरून पाहिला, ते नख दुमडलं. आळीतल्या बायका आपापल्या टोपल्यांत. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या दारात टोपली आणून ठेवली.

“मी?” मी म्हणाले.

“तुमची नखं शाबूत हायेत. घासून घेतली न्हाय ना तुमी.”

निवृत्तीनंतर अनेक गोष्टी करायच्या मी ठरवल्या होत्या. कोळंबी सोलणं त्यात नव्हतं. त्यापासून सुटका व्हावी म्हणूनच मी लहानपणी अभ्यासाला बसायचे. पण बसले. भावजय समोर पाटावर, कोरडे हात मांडीवर ठेवून, आणि मी तिच्या देखरेखीखाली.

“वन्स, नख आडवं न्हाय, तिरपं.”

“तिरपंच आहे.”

“त्याला तिरपं बोलतात शाळेत?”

पहिल्या दिवशीचे सोडे तिनं वेगळ्या जाळीवर टाकले. मी एका कोळंबीवर जरा जास्त जोर लावला तेव्हा म्हणाली, “वन्स, ती मेलेलीच हाय. आनखी मारू नका.” शेजारची बाई हसता हसता भिंतीला टेकली. मला कळलं की हे वाक्य महिनाभर जपून ठेवलेलं होतं.

एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुंबईहून फोन आला. “मावशी, या खेपेला सोडे जरा वेगळे वाटले.” भावजयीनं उत्तर दिलं, “व्हय, हायस्कुलात सोलल्यात.” माझ्या अंगठ्याला चिरा पडल्या, पुस्तकांच्या पानांना वास लागला. सोडे निम्मेही झाले नाहीत. अर्ध्या लोकांना तिनं सरळ ‘नाही’ सांगितलं. नाही म्हणताना ती फोन घेऊन परसात जायची, तिथून परत यायची ती ताठ, आणि माझी टोपली आणखी कडक तपासायची.

दर रविवारी ती माझ्या टेबलाशी येऊन अंगठा दिव्याखाली धरायची. मी भिंग लावायचे, पट्टी लावायचे. हिरवा भाग मुळाकडून सुटून पुढे सरकत होता, पण इतका सावकाश की एका रविवारचा फरक दुसऱ्या रविवारी खोटा वाटायचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुळाजवळ एक आडवी खाच दिसली.

“ह्ये काय? खरबरीत येतंय?”

“माहीत नाही.”

“तुमाला माहीत न्हाय?” तिला धक्काच बसला. मला स्वतःचा आवाज ऐकून बसला तेवढाच. असं साधं उत्तर मी त्या ओटीवर डिसेंबरात दिलं असतं तर, असं मनात येऊन गेलं.

मधेच भाची आली. हातांना नवीन नखं, या वेळी निळसर. मी काही बोलणार तोच म्हणाली, “आत्या, खालची फार वाईट झालीत गं, म्हणून लावावीच लागतात.” म्हणजे खालची खराब झाली म्हणून वर लावायची, आणि वर लावते म्हणून खालची खराब व्हायची. यातून बाहेर कसं पडायचं हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, पार्लरवाली म्हणते नखांना श्वास घेऊ द्या. मी भिंग टेबलावर ठेवून चहा करायला उठले.

खाच पुढे सरकत गेली आणि तिच्या मागून येणारं नख गुळगुळीत निघालं. मेच्या मध्यापर्यंत हिरवं सगळं कापून गेलं होतं, खाच टोकाशी पोचली होती. जूनला मासेमारी बंद होते. म्हणजे सबंध हंगाम गेला आणि नख आलं ते होड्या वर ओढायच्या वेळी. शेवटच्या शेवटच्या एका खेपेत भावानं थोडी कोळंबी आणली आणि टोपली आम्हा दोघींच्या मधे ठेवली.

मी एक उचलली. भावजयीनं ती माझ्या हातातून काढून घेतली, डोकं मोडलं, नख कवचाखाली सारलं आणि ओढलं. कवच आणि दोरा एकत्र निघून आले. तिनं ती कोळंबी उजेडात धरून उलटीसुलटी पाहिली. चीर नव्हती.

“उठा वन्स,” ती म्हणाली. “जागा द्या.”

ही गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात शेजारच्या घरी हळद होती आणि पनवेलची बाई पुन्हा पेटी घेऊन आली. भावजय पदर खोचून तिच्या शेजारी जाऊन बसली. मला वाटलं, आता बोलेल. सहा महिन्यांचं सगळं सांगेल. मीही या वेळी विनोद न करता सांगायचं ठरवून गेले होते, आणि सांगितलंही. मशीन, पातळ होणं, पाणी, जंतू, सगळं. बायकांनी शांतपणे ऐकलं. मग सगळ्यांनी भावजयीकडे पाहिलं.

तिनं आपला अंगठा वर केला. “माझ्या अंगाला आता ते चालत न्हाय, मी न्हाय लावनार. तुमाला लावायचं तर लावा,” ती म्हणाली. “पन अंगठा देऊ नका.”

बायकांना ते तत्काळ पटलं. एकेक जण दोन्ही अंगठे मुठीत दाबून उरलेली आठ बोटं टेबलावर ठेवू लागली. पनवेलच्या बाईनं दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं आणि आठ बोटांचे फोटो काढले. हळदीला आलेल्या भाचीनं संध्याकाळी मला फोनवर दाखवलं. त्या फोटोखाली त्या बाईनं लिहिलं होतं, ‘पारंपरिक कोळी पद्धत’.